तंतूंतून घडलेली गिटार : प्रस्तावना

इलेक्ट्रिक गिटारची ओळख बहुधा झाडांच्या नावांनी करून दिली जाते. बॉडी महोगनीची की अ‍ॅशची, नेक मेपलचा आहे का, फ्रेटबोर्ड शिसवीचा की आबनुसाचा, एवढे कळले की वाद्याची प्रत ठरली असे वादक, विक्रेते आणि संग्राहक धरून चालतात. त्याच जागी हार्डबोर्ड, प्लायवूड किंवा एमडीएफ हे शब्द आले की गिटार आपोआप खालच्या पायरीवर जाते. ही द्रव्ये कपाटांच्या पाठीची आणि स्वस्त फर्निचरची, वाद्याशी त्यांचा संबंध पैसे वाचवण्यापुरता, असा हा समज आहे. प्रस्तुत पुस्तक त्या समजाची तपासणी करते आणि माझ्या मते तो मोडून काढते. लाकडाचे पापुद्रे, तंतू किंवा लगदा करायचा, तो पुन्हा जोडायचा आणि त्यातून गिटार घडवायची, ही वाट इलेक्ट्रिक गिटारइतकीच जुनी आहे. त्या वाटेवर टाकाऊ वाद्ये झाली, तशी उत्तम वाद्येही झाली. हा फरक कशाने पडला, हे समजून घ्यायला हवे. मला या प्रस्तावनेत मांडायचा मुद्दा असा : घन लाकडात कारागीर झाडाने घडवलेल्यातून निवड करतो, तंतू-संमिश्रात झाडाचे ते काम त्याला स्वतः ठरवून करावे लागते. म्हणून या द्रव्यांची पारख नावावरून करता येत नाही. वाद्याच्या कोणत्या भागात, कोणत्या कामासाठी आणि किती जाणतेपणाने ती वापरली, हे पाहावे लागते.

मुळात लाकूड हेच एक संमिश्र आहे. सेल्युलोजचे ताण सोसणारे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे लिग्निन यांचा तो बांधा आहे. स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडात हे तंतू साधारण तीन मिलिमीटर लांबीचे असतात आणि बहुतेक सगळे खोडाच्या दिशेने रचलेले असतात. त्यामुळे घनमीटरला ४०० ते ४५० किलो इतकेच वजन असूनही स्प्रूसचा ताठपणा तंतूंच्या दिशेने सुमारे १० गिगापास्कल भरतो, तर आडव्या दिशेने तो एका गिगापास्कलच्याही खाली येतो. झाड उभे राहावे म्हणून निसर्गाने केलेली ही एकतर्फी रचना आहे, आणि वाद्यकारांनी तिचा शतकानुशतके उपयोग करून घेतला. आता हेच लाकूड किती बारीक फोडले आणि पुन्हा कसे जोडले यावरून संमिश्रांचा सगळा नकाशा मांडता येतो. जाड पापुद्रे काढून एकाआड एक दिशा बदलत चिकटवले की प्लायवूड होते. पट्ट्या शेजारी शेजारी लावून वरून पापुद्रा चढवला की ब्लॉकबोर्ड. तंतू सुटे करून दाबले की हार्डबोर्ड आणि एमडीएफ मिळतात. त्यांत दिशा जवळजवळ नाहीशी होते : एमडीएफची घनता स्प्रूसच्या दीडपटीहून जास्त, पण ताठपणा साधारण तीन-चार गिगापास्कल, आणि बोर्डाच्या पातळीत तो सगळीकडे सारखा. आणखी पुढे जाऊन तंतूंचा कागद केला आणि तो रेझिनमध्ये भिजवून दाबला की मायकार्टा, रिचलाइट आणि आपल्या घरोघरी ज्याला सनमायका म्हणतात ते लॅमिनेट तयार होते. शेवटच्या टोकाला तंतू प्लास्टिकसारख्या बांधकात मिसळून थेट साच्यात सोडले जातात. प्रत्येक पायरीवर झाडाने दिलेले काहीतरी हरवते आणि माणसाला ठरवता येण्याजोगे काहीतरी हाती लागते. हा हिशेब नीट मांडला की या क्षेत्राचा इतिहास सुटी उदाहरणे न राहता एका सूत्रात येतो.

इतिहासाची सुरुवातच लाकडाबाहेर झाली, ही गोष्ट सहसा विसरली जाते. जॉर्ज बीचम आणि अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी बाजारात आणलेली, ‘फ्राइंग पॅन’ नावाने ओळखली जाणारी गिटार ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती. १९३५ मध्ये त्यांच्याच कंपनीने बेकलाइटची गिटार काढली. आणि त्या काळी बेकलाइटच्या साच्यात घालायच्या मिश्रणात बळकटीसाठी लाकडाचे बारीक पीठ मिसळण्याची सर्रास रीत होती. विजेने आवाज वाढू लागल्यावर पोकळ पेटीची जुनी गरज उरली नाही, हे या पहिल्या पिढीने ओळखले होते. उलट मोठ्या आवाजात पेटी स्वतःच घुमू लागून वाद्य किंचाळते, ही नवी अडचण उभी राहिली होती. पापुद्र्यांच्या लाकडाला गिटारमध्ये प्रतिष्ठेचे स्थान मिळण्यामागे हेही एक कारण होते. गिब्सनची १९४९ची ईएस-१७५ आणि १९५८ची ईएस-३३५ या दोन्ही गिटारींची पेटी लॅमिनेट केलेल्या लाकडाची, म्हणजे साध्या शब्दांत प्लायवूडची आहे. जॅझ वादकांच्या पिढ्या पहिलीवर वाढल्या, आणि दुसरी आजही जगातल्या मान्यवर गिटारींत गणली जाते. या वाद्यांना ‘लॅमिनेटेड मेपल’ म्हणायचे आणि स्वस्त वाद्याला ‘प्लायवूड’, हा भेद द्रव्यातून आलेला नाही. तो बाजारातल्या मानामुळे आला आहे.

तंतूंच्या बोर्डाची गोष्ट मात्र अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावी सुरू होते. थॉमस एडिसनबरोबर काम केलेल्या विल्यम मेसन यांनी १९२४ मध्ये लाकूड गिरण्यांतल्या टाकाऊ ढलप्यांवर एक प्रक्रिया शोधली. ढलप्या बंद पोलादी भांड्यात वाफेच्या प्रचंड दाबाखाली ठेवायच्या आणि दाब एकदम सोडायचा. लाकूड आतून फुटून तंतू मोकळे होतात. ते तंतू गरम दाबयंत्रात बसवले की त्यांतलेच लिग्निन मऊ होऊन त्यांना पुन्हा सांधते, वेगळा गोंद लागत नाही. मेसन यांच्या नावावरून मेसोनाइट म्हणून प्रसिद्ध झालेला हा हार्डबोर्ड घरबांधणीसाठी होता. तो गिटारमध्ये आणला नेथन डॅनियल यांनी. १९४७ मध्ये न्यू जर्सीत त्यांनी डॅनइलेक्ट्रो ही कंपनी काढली. आधी अ‍ॅम्प्लिफायर बनवले आणि १९५४ पासून सीअर्स या टपालाने माल विकणाऱ्या प्रचंड पेढीसाठी ‘सिल्वरटोन’ नावाने गिटारीही. १९५६च्या सुमारास त्यांची ठरावीक रचना पक्की झाली : हलक्या लाकडाची चौकट, तिच्यावर पुढून आणि मागून मेसोनाइटचे पातळ पत्रे, कडेने विनाइलची पट्टी, नेकमध्ये पोलादी पट्ट्या आणि लिपस्टिकच्या रिकाम्या नळ्यांत बसवलेले पिकअप. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी गिटार ठेवायच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेली गिटार सत्तर डॉलरच्या आत विकली. अमेरिकेतल्या हजारो कष्टकरी घरांतल्या मुलांचे ते पहिले वाद्य ठरले.

डॅनियल यांच्या कामाला नुसते स्वस्त म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांनी वाद्याच्या प्रत्येक भागाला त्याचे काम विचारले. बॉडीने ब्रिज घट्ट धरावा, हलके असावे, हातात नीट बसावे. एवढ्यासाठी महोगनीची लादी लागत नाही. पत्रा आणि चौकट मिळून एक पोकळ, ताठ डबा होतो आणि त्याचे वजन घन लाकडाच्या बॉडीपेक्षा बरेच कमी भरते. मेसोनाइटची दुबळी बाजू म्हणजे त्याची उघडी कड. ती त्यांनी पट्टीने झाकली. जिथे खरा ताण येतो त्या नेकमध्ये मात्र त्यांनी मेसोनाइट वापरले नाही. तिथे लाकूड आणि पोलाद ठेवले. ही तडजोड नव्हे, ही रचना आहे. त्यातून निघालेला लख्ख, काहीसा पोकळ, टोकदार स्वर पुढे स्वतंत्रपणे हवासा झाला. जिमी पेज यांनी लेड झेपेलिनच्या कार्यक्रमांत डॅनइलेक्ट्रो वापरली. या कंपनीच्या सहा तारांच्या बेसने नॅशव्हिलच्या स्टुडिओंत एक वेगळी वादनशैली रूढ केली. कंपनी १९६९ मध्ये बंद पडली, तरी तिच्या रचना पुढे इतरांनी पुन्हा बनवल्या आणि त्या बनवताना हार्डबोर्ड सोडला नाही. तो सोडला तर तो स्वर मिळत नाही, असे मागणी करणाऱ्यांचेच म्हणणे होते. स्वस्त म्हणून निवडलेले द्रव्य एका ध्वनीची ओळख बनले.

याच काळात इंग्लंडमध्ये ब्रायन मे या शाळकरी मुलाने वडिलांच्या मदतीने १९६३ पासून घरी एक गिटार बनवायला घेतली. नेक एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा, बॉडीचा गाभा ओकचा आणि ब्लॉकबोर्डचा, वरून महोगनीचा पापुद्रा. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा स्वर ज्या क्वीन या बँडमधून जगभर पोचला, त्या बँडचा गिटारचा ध्वनी प्रामुख्याने याच वाद्याचा आहे. पण १९६०च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत एमडीएफचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि पुढच्या दशकांत जगभरच्या कारखान्यांनी नवशिक्यांसाठीच्या सर्वांत स्वस्त गिटारींत एमडीएफ आणि हलक्या प्रतीचे प्लायवूड भरले. तेव्हा या सगळ्या द्रव्यांचे नाव एकदमच खराब झाले. या गिटारी वाईट होत्याच. पण त्या का वाईट होत्या हे कोणी तपासले नाही. जड बॉडी, कडेच्या भागात पकड सोडणारे स्क्रू, वाकडा नेक, चुकीच्या जागी ठोकलेले फ्रेट, कमकुवत पिकअप आणि सूर न धरणाऱ्या खुंट्या यांपैकी बहुतेक दोषांचा बोर्डाशी काही संबंध नव्हता. दोष घाईचा आणि काटकसरीचा होता. ज्या हातांनी एमडीएफ निष्काळजीपणे वापरला त्यांनी महोगनीचेही वाद्य तसेच केले असते. तरी ठपका द्रव्यावर बसला, आणि तो अजून पुसला गेलेला नाही.

दुसरीकडे लाकूडच सोडून देणाऱ्यांचा एक प्रवाह वाहत होता, आणि त्याचा विचार केल्याशिवाय लाकूडतंतूंची बाजू पुरती समजत नाही. शिकागोच्या व्हॅल्को कंपनीने १९६२ मध्ये काचतंतूंच्या दोन ओतीव अर्धे भाग सांधून गिटारी काढल्या. १९८०च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर यांनी डोके नसलेला, कार्बनतंतूंचा बेस आणला. १९९३च्या पार्कर फ्लायमध्ये केन पार्कर यांनी अतिशय हलक्या लाकडाला कार्बन आणि काचतंतूंचे पातळ कवच चढवले. नेदरलँड्समध्ये अ‍ॅरिस्टाइड्सने पूर्णपणे ओतीव द्रव्याची गिटार घडवली. या प्रवाहाने दोन गोष्टी निर्विवाद सिद्ध केल्या : द्रव्य एकजिनसी असेल तर शंभरावी गिटार पहिलीसारखीच वाजते, आणि नेक पुरेसा ताठ असेल तर स्वर सर्वत्र सारखा टिकतो. पण कार्बन महाग, त्याचे उत्पादन ऊर्जाखाऊ आणि त्याचा स्पर्श अनेक वादकांना परका वाटला. म्हणून प्रश्न असा उरला, की एकजिनसीपणा आणि ताठपणा हे गुण लाकडाच्या तंतूंतूनच मिळवता येतील का?

या प्रश्नाला सर्वांत थेट उत्तर फिनलंडमधून आले. योएन्सू शहरातल्या एका कंपनीने २०००च्या दशकाच्या मध्यावर फ्लॅक्सवूड नावाने गिटारी बाजारात आणल्या. तिची पद्धत सांगायला सोपी आणि साधायला कठीण आहे. फिनलंडमध्ये मुबलक असलेल्या स्प्रूसचे तंतू मोकळे करायचे, ते एका बांधकात मिसळायचे आणि गरम मिश्रण दाबाने साच्यात सोडून बॉडी आणि नेक दोन्ही ओतून काढायचे. साच्यात वाहताना तंतूंना दिशा मिळते. म्हणजे मिश्रण कुठून सोडले, भिंत किती जाड ठेवली, कुठे फासळ्या दिल्या यावर तयार भागाचा ताठपणा ठरतो. वनात झाडाने वाढता वाढता जे केले ते येथे साचा बनवणाऱ्याला आराखड्यात करावे लागते. हवेतल्या ओलाव्याने फुगणे-आक्रसणे जवळजवळ नाहीसे होते आणि एका प्रकारच्या दोन गिटारींत फारसा फरक उरत नाही. याच कंपनीने पुढे लाकडी बॉडीला आपला ओतीव नेक जोडलेल्या गिटारीही केल्या. मला या क्षेत्रातली ही सर्वांत बोलकी घटना वाटते : नव्या द्रव्याच्या कर्त्यांनीच, त्याची खरी गरज कुठे आहे हे त्यातून दाखवून दिले.

कारण विज्ञानाचा कौलही नेककडेच बोट दाखवतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये चुंबकीय पिकअप पोलादी तारेच्या हालचालीतून विद्युतसंकेत घेतो. बॉडीचा आवाज तो हवेतून ऐकत नाही. म्हणून लाकडाचा परिणाम व्हायचा तो एकाच मार्गाने : तारेची ऊर्जा किती लवकर आणि कोणत्या स्वरांवर वाद्य शोषून घेते, यातून. म्यूनिकमध्ये हेल्मुट फ्लायशर आणि टिलमान त्स्विकर यांनी १९९०च्या दशकात केलेल्या मोजमापांत दिसले की फ्रेटबोर्डावर जे स्वर अवेळी विरतात, ज्यांना वादक ‘डेड स्पॉट’ म्हणतात, ते जिथे नेक त्या स्वराच्याच कंपनसंख्येला हलतो तिथे येतात. ब्रिजकडची बॉडी त्यामानाने फार कमी ऊर्जा घेते. पॅरिसमध्ये आर्थर पाते आणि सहकाऱ्यांनी नेकची अशी मोजमापे घेऊन स्वर विरण्याचा काळ आधीच वर्तवता येतो हे दाखवले. रेगेन्सबर्गचे मान्फ्रेड त्सोलनर यांनी आपल्या विस्तृत ग्रंथात बॉडीच्या लाकडाचा वाटा नगण्य ठरवला आहे. या सगळ्यांचा एकत्रित अर्थ असा, की बॉडीसाठी द्रव्य निवडताना वजन, पकड आणि टिकाऊपणा पाहावा. नेकसाठी मात्र ताठपणा, वजनाची वाटणी आणि कंपने शमवण्याचा गुण काटेकोरपणे साधावा. डॅनियल यांनी हाताच्या अंदाजाने जे केले त्याला मोजमापांनी आधार दिला.

यावर पहिला आक्षेप उघड आहे : कानांना फरक कळतो, मोजमापे काहीही म्हणोत. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, कारण शेवटी वाद्य कानासाठीच असते. पण वादकाला गिटार दिसते, तिची किंमत ठाऊक असते आणि तिचे वजन मांडीवर जाणवते. हे सगळे त्याच्या कानापर्यंत पोचते. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकाच कारागिराने एकाच आराखड्यावर बनवलेल्या, फक्त पाठ आणि बाजूंचे लाकूड वेगळे असलेल्या सहा अकूस्टिक गिटारी ५२ वादकांकडून न दिसता वाजवून घेतल्या. दुर्मिळ ब्राझिली रोझवूड आणि साधे लाकूड यांत त्यांनी दिलेल्या गुणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. युरोपातल्या गिटारकारांच्या लिओनार्डो प्रकल्पातल्या आंधळ्या चाचण्यांनीही उष्णकटिबंधातल्या लाकडाची मक्तेदारी सिद्ध होऊ दिली नाही. तरी यातून ‘काहीही चालते’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. अकूस्टिक गिटारची वरची फळी हवा हलवते. तिथे तंतूंची दिशा आणि हलकेपणा यांना पर्याय शोधणे अत्यंत अवघड आहे, आणि हार्डबोर्ड तिथे हरतो. म्हणूनच तंतू-संमिश्रांचे नैसर्गिक घर इलेक्ट्रिक गिटार आहे.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा, आणि तो अधिक वजनदार आहे. हलक्या संचातल्या सहा तारा मिळून नेकवर साधारण ४५ किलोंचा ताण सतत देतात, वर्षानुवर्षे. घन लाकूड हा ताण सोसते, कारण त्याच्या तंतूंची वीण अखंड असते. उष्णतेने मऊ होणाऱ्या बांधकातले द्रव्य मात्र स्थिर ताणाखाली हळूहळू सरकते, आणि तापलेल्या गाडीत राहिले तर आणखी वेगाने. एमडीएफची कड एकदा पाणी प्यायली की फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. उखडलेला स्क्रू त्यात दुसऱ्यांदा नीट बसत नाही. कोकणातला पावसाळा आणि विदर्भातला उन्हाळा सोसणाऱ्या वाद्याच्या बाबतीत हे दोष गंभीर आहेत. त्यांवर उपाय आहेत : नेकमध्ये पोलाद किंवा कार्बनची पट्टी, कडांना बंदिस्ती, स्क्रूच्या जागी घन लाकडाचा ठोकळा किंवा धातूची बोंडी, ताण येतो तिथे तंतूंची दिशा राखणारे लॅमिनेट. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने आपल्या काही गिटारींचे नेक रेझिनने सांधलेल्या पापुद्र्यांचे केले ते याच विचाराने. पण हे उपाय करावे लागतात, ते द्रव्यासोबत फुकट येत नाहीत. दुरुस्तीच्या बाबतीत घन लाकूड आजही पुढे आहे आणि ते मान्य करूनच पुढचे काम व्हायला हवे.

तिसरा आक्षेप पर्यावरणाचा. संमिश्रांना ‘हिरवे’ म्हणून विकणे सोपे आहे. पण रेझिन बहुधा खनिज तेलातून येते, एमडीएफमधला फॉर्मल्डिहाइड हवेत सुटतो, आणि रेझिनमध्ये बांधलेले तंतू सहजासहजी पुन्हा वेगळे करता येत नाहीत. फॉर्मल्डिहाइड आणि लाकडाची धूळ ही दोन्ही माणसात कर्करोग घडवणारी म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवली आहेत, म्हणजे कार्यशाळेतल्या माणसाला मास्क आणि धूळ ओढणारे यंत्र हवेच. तरी दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहा. ब्राझिली रोझवूडचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ मध्ये जवळपास थांबवावा लागला. २०१७च्या जानेवारीपासून शिसवीच्या अख्ख्या कुळाचा व्यापार धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली गेला. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळायला २०१९ साल उजाडले. २०२० मध्ये फेंडरने अ‍ॅश लाकडाचा वापर मोठ्या प्रमाणावर कमी करण्याचे जाहीर केले, कारण मिसिसिपीच्या खोऱ्यातले पूर आणि एक परका किडा यांनी त्या झाडांची वाट लावली होती. कागद आणि रेझिनच्या रिचलाइटचा फ्रेटबोर्ड गिब्सनच्या महाग गिटारींवर दिसू लागला तोही लाकडाच्या अशाच अडचणींच्या काळात.

त्या अडचणींचा एक धागा थेट आपल्या पश्चिम घाटापर्यंत येतो. जगभरच्या गिटारींचे फ्रेटबोर्ड आणि पाठी ज्या ‘ईस्ट इंडियन रोझवूड’च्या असतात ते म्हणजे आपले शिसव. २०११ मध्ये अमेरिकेतल्या गिब्सनच्या कारखान्यांवर छापे पडले तेव्हा जप्त मालात भारतातून गेलेले शिसवी आणि आबनुसाचे फ्रेटबोर्डाचे तुकडे होते, आणि भारताच्या निर्यात नियमांनुसार असा तुकडा तयार वस्तू की कच्चे लाकूड, यावर वाद रंगला. त्याआधीच्या मादागास्करच्या आबनुसाच्या प्रकरणासह सगळे मिटवताना कंपनीने २०१२ मध्ये तीन लाख डॉलरचा दंड भरला. शिसवाचे झाड धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. वाद्याचा फ्रेटबोर्ड व्हायला त्याला अनेक दशके वाढावे लागते. एका पातळ पट्टीसाठी हे झाड अनिवार्य आहे का, हा प्रश्न दूरच्या ग्राहकाइतकाच आपलाही आहे. आणि उत्तराची सामग्रीही आपल्याकडे आहे. महाराष्ट्रात उसाच्या चिपाडापासून, कारखान्यांच्या भाषेत बगॅसपासून, बोर्ड बनवण्याचा उद्योग उभा राहिलेला आहे. प्लाय, एमडीएफ आणि सनमायका कापण्या-जोडण्याचे कसब आपल्या प्रत्येक शहरातल्या सुतारकामात मुरलेले आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्लॅकबर्ड कंपनीने जवसाच्या तंतूंपासून वाद्ये घडवून दाखवली आहेत. चिपाडाचा बोर्ड उद्या लगेच गिटार होईल असे मी म्हणत नाही. त्याचे तंतू आखूड, जोड वेगळा. पण ज्या प्रदेशाकडे तंतूही आहेत आणि ते हाताळणारे हातही, त्या प्रदेशाने हे क्षेत्र परक्यांचे समजण्याचे कारण नाही.

प्रस्तुत पुस्तक या सगळ्या प्रदेशाचा मराठीत पहिला पुरता आराखडा देऊ पाहते. इतिहास, ध्वनिशास्त्र आणि कार्यशाळेतले प्रत्यक्ष काम या तीन वाटांनी ते चालते, आणि तिन्ही वाटा एकमेकींना छेदत राहतील याची काळजी घेते. पिकअप, ब्रिज, नेक, बॉडी अशा प्रत्येक भागाला ते आधी त्याचे काम विचारते आणि मग द्रव्य निवडते. उलट क्रमाने कधीच नाही. ज्याला गिटारचे भागही ठाऊक नाहीत अशा वाचकाला ते हाताला धरून नेते, आणि ज्या सुताराला गिटार बनवायची आहे त्याला मोजमापे घेण्याची शिस्त लावते. काय करत नाही तेही सांगायला हवे. ते लाकडाला कालबाह्य ठरवत नाही, बाजारातल्या गिटारींची क्रमवारी लावत नाही आणि अकूस्टिक वाद्यांच्या प्रश्नात मर्यादेपलीकडे शिरत नाही. जिथे पुरावा दुबळा आहे तिथे लेखन दावाही तितकाच मर्यादित ठेवते, आणि मला या पुस्तकाची ही बाजू सर्वांत मोलाची वाटते. वाद्यांच्या जगात ठाम मते पुष्कळ आणि तपासलेली मते थोडी असतात.

या क्षेत्राचे महत्त्व मला शेवटी जबाबदारीत दिसते. घन लाकडाची गिटार चांगली वाजली नाही तर ‘लाकूडच तसे होते’ असे म्हणायला जागा असते. संमिश्राच्या कारागिराला ती जागा नाही. घनता त्याने निवडली, तंतूंची दिशा त्याने ठरवली, बांधक त्याने घेतला, कड त्याने बंद केली किंवा उघडी ठेवली. वाद्यात जे आहे ते त्याच्या निर्णयांचे आहे. म्हणूनच या द्रव्यांतून निष्काळजी कारखान्यांनी इतकी वाईट वाद्ये काढली आणि जाणत्या हातांनी इतकी चांगली. आपल्या वाचकांनी, वादकांनी आणि विशेषतः हत्यारे हातात घेणाऱ्या तरुणांनी गिटारला यापुढे ‘कोणत्या झाडाची’ असे विचारण्याआधी ‘कोणत्या विचाराने केली’ असे विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर देता येण्याइतके ज्ञान या पुस्तकात आहे, आणि ते वापरून नवी वाद्ये घडवण्याचे काम आता वाचकांचे आहे.